हिरवी भाजी नसलेल्या दिवसाचे ताट

अष्टमी-चतुर्दशी जवळ आली की पुष्कळ घरांत आदल्या दिवशीच विचारणा सुरू होते : उद्या भाजी कसली करायची? पाच तिथी पाळणाऱ्या श्वेतांबर घरांत शुद्ध पंचमी, दोन्ही अष्टमी आणि दोन्ही चतुर्दशी असे महिन्यातील पाच दिवस हिरवी भाजी वर्ज्य असते. दहा किंवा बारा तिथी पाळणाऱ्या घरांत हाच प्रश्न दर दोन-तीन दिवसांनी येतो. दिगंबर घरांतही अष्टमी-चतुर्दशीचा संयम आहेच. त्यात पर्युषणाचे आठ दिवस, दशलक्षणाचे दहा दिवस आणि चातुर्मासातील पालेभाजीचा त्याग मिळवला, तर वर्षातील मोठा काळ स्वयंपाकघराला कोठारातील धान्य आणि कडधान्य यांवरच चालवावा लागतो.

अलीकडे या प्रश्नाचे एक सोपे उत्तर निघाले आहे. फरसाणाचे पुडे आणावेत, तयार पाकिटे उघडावीत किंवा ‘जैन’ म्हणून मिळणारे जेवण बाहेरून मागवावे. या मार्गाने तिथी पाळली जाते, परंतु तिचा हेतू मागे राहतो. रसनेवर ताबा मिळवण्याच्या दिवशी ताटात नेहमीपेक्षा अधिक तेल, अधिक तिखट आणि अधिक खर्च येतो. शिवाय बाहेरच्या पदार्थात दही आणि डाळीचे पीठ कसे एकत्र केले, पीठ किती दिवसांचे होते, याची खात्री कोण देणार?

वास्तविक पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवलेला आहे. मारवाडच्या कोरड्या मुलखात हिरवी भाजी वर्षातून थोडेच दिवस दिसे. तेथील गृहिणींनी बेसन, मूग, मोठ आणि दही-ताक यांतून भाजीची उणीव भासू न देणारे पदार्थ घडवले. व्यापाराच्या निमित्ताने ही कुटुंबे नगर, पुणे, नाशिक, जळगाव येथील पेठांत स्थिरावली, तेव्हा गट्टे त्यांच्याबरोबर आले. दख्खनची भूमीही पावसाच्या बाबतीत फारशी उदार नव्हती. म्हणून येथेही पिठले, झुणका, शेंगोळे, वरणफळे असे पिठाचे पदार्थ आधीच रुळलेले होते. गुजरातेत डाळ-ढोकळी होती. तिन्ही प्रांतांची युक्ती एकच : भाजी नसेल तर पीठ किंवा डाळ रसात शिजवावी. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून असे जेवण साधे असले तरी भरीव ठरते.

पुढील तीन पदार्थ चार माणसांच्या बेताचे आहेत. वाटी साधारण 150 मिलिलिटरची धरावी. हिरवी मिरची, कोथिंबीर, टोमॅटो, आले यांतील काहीही त्यांत लागत नाही. आंबटपणासाठी आमसूल किंवा आमचूर, तिखटासाठी सुकी लाल मिरची आणि वासासाठी हिंग पुरेसा होतो.

डाळ-ढोकळी : हिला महाराष्ट्रात कुठे वरणफळे, तर कुठे चकोल्या म्हणतात. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटावी आणि पाच ते सहा वाट्या पाणी घालून उकळत ठेवावी. तीत हळद, मीठ, चार आमसुले, लिंबाएवढा गूळ आणि मूठभर शेंगदाणे घालावेत. दीड वाटी कणीक, दोन चमचे बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि चमचाभर तेल यांचे घट्ट पीठ भिजवून पातळ पोळी लाटावी व शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापावेत. वरण खळखळत असतानाच तुकडे एकेक करून सोडावेत. एकदम टाकल्यास ते परस्परांना चिकटतात. दहा-बारा मिनिटांत ते शिजतात. वरून तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि लाल मिरचीची फोडणी द्यावी. हा पदार्थ थांबला की आळतो, म्हणून मंडळी पानावर बसण्याच्या बेतानेच तुकडे सोडावेत.

गट्टे : दोन वाट्या बेसनात ओवा, भरडलेले धणे, हळद, तिखट, हिंग, मीठ आणि तीन मोठे चमचे तेलाचे मोहन घालून पाण्याने घट्ट भिजवावे. पुष्कळ ठिकाणी गट्टे कच्च्या दह्यात भिजवतात. जैन घरात ते चालत नाही, कारण कच्चे दही आणि कडधान्य एकत्र येताच द्विदळाचा दोष लागतो. पिठाचे बोटाएवढे जाड वळकट करून उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे शिजवावेत. ते वर तरंगू लागले आणि पृष्ठभागावर बारीक फोड दिसले की काढून त्यांचे तुकडे करावेत. उरलेले पाणी फेकू नये, रश्शाला तेच वापरावे.

रश्शासाठी दीड वाटी दही वेगळ्या भांड्यात घुसळून, त्यात चमचाभर तांदळाचे पीठ आणि वाटीभर साधे पाणी मिसळून मंद आचेवर सतत ढवळत चांगली उकळी आणावी. तांदूळ द्विदळ नसल्याने हे पीठ चालते आणि दही फाटू देत नाही. मीठ शेवटी घालावे. दही असे पूर्ण तापल्यानंतरच त्यात गट्ट्यांचे पाणी, गट्टे आणि फोडणी घालावी. कढी करतानाही हाच क्रम ठेवावा : आधी ताक तापवावे, मग बेसन लावावे. ज्या घरात किंवा परंपरेत तापवलेल्या दह्याबरोबरही डाळ घेत नाहीत, तेथे आमचुराच्या पाण्यातील रस्सा करावा.

शेंगोळे : नगर-जुन्नर भागातील हा थंडीचा पदार्थ. दीड वाटी कुळथाचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे कणीक, जिरेपूड, तिखट, हळद, हिंग आणि मीठ यांचे घट्ट पीठ भिजवावे. हाताला तेल लावून त्याच्या पातळ वळ्या कराव्यात आणि टोके जुळवून कडी वळावी. तेलात जिरे, हिंग व लाल मिरचीची फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळावे, त्यात शेंगोळे सोडून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर शिजवावेत. चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावले की रस दाट होतो. लसूण नसल्याने चव उणी होईल ही भीती व्यर्थ आहे. कुळथाला स्वतःचीच खमंग चव असते, हिंग तिला उठाव देतो. बरोबर बाजरीची भाकरी असावी.

उसळीबाबत एक सूचना आवश्यक वाटते. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून मोड आणण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत जैन आचारात बसत नाही, कारण अंकुर फुटलेले कडधान्य अनंतकाय मानले जाते. सकाळी भिजवलेली मटकी पाच-सहा तासांत, अंकुर फुटण्यापूर्वीच, शिजायला ठेवावी. ती तितकीच मऊ होते.

पिठाचे पदार्थ म्हटले की पिठाच्या ताजेपणाकडे लक्ष हवे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि थंडीत 7 दिवस सांगितली आहे. पावसाळी हवेत पिठात ओल व किडे लवकर होतात, हा अनुभव सर्वांचाच आहे. म्हणून कुळीथ, हरभरा, ज्वारी धान्यरूपात साठवावी आणि थोडे थोडे दळावे. त्याच कारणाने वड्या-पापडांचा उन्हाळी साठा अनेक घरांत आषाढी चौमासीपूर्वीच संपवला जातो.

काटकसरीचा खरा कस मात्र मापात लागतो. शिजलेले ओलसर अन्न रात्र ओलांडू देऊ नये, असा नियम असल्याने उरलेली डाळ-ढोकळी दुसऱ्या दिवशी उपयोगाची नाही. जास्त शिजवले तर एकतर ते टाकावे लागते, नाही तर कोणाला तरी भुकेपेक्षा अधिक खावे लागते. जयणा आणि ऊनोदरी या दोन्हींना ते धरून नाही. त्यामुळे वाटीने मोजून रांधणे हे जैन स्वयंपाकघरात आचाराचेच अंग ठरते.

दुसरी कसोटी घड्याळाची. मार्गशीर्ष-पौषात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेमकी तेव्हाच दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असते. गल्ला सोडून घरी जाणे प्रत्येकाला जमत नाही. चौविहार मोडण्याचे प्रसंग बहुधा अशाच वेळी येतात, आणि त्यामागे इच्छेच्या अभावापेक्षा सोयीचा अभाव अधिक असतो. घरच्यांसाठी डाळ-ढोकळी केली तरी दुकानाच्या डब्यात ती देऊ नये, पोहोचेपर्यंत तिचा गोळा होतो. डब्यासाठी फोडणीत परतलेले कोरडे गट्टे किंवा झुणका-भाकरी योग्य. डबा पाच वाजता निघाला, तर पिता-पुत्र आळीपाळीने सूर्यास्तापूर्वी जेवू शकतात.

हे सारे ज्ञान आज बहुतेक घरांत सासूबाईंच्या किंवा आजीच्या हातात आहे, आणि ते ‘अंदाजाने’ या एका शब्दात सांगितले जाते. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या सुनेला त्या शब्दाने काहीच कळत नाही, आणि नोकरी-शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या मुलामुलींना तर मुळीच नाही. येत्या तिथीला मोठ्यांनी अंदाजाने घ्यावे आणि धाकट्यांनी ते वाटीने मोजून वहीत लिहावे. पीठ किती, पाणी किती, किती जण जेवले आणि किती उरले, एवढ्या चार नोंदी पुरेत. पाच तिथी पाळणाऱ्या घरात वर्षाकाठी साठ नोंदी होतील, आणि भाजी कसली करायची हे विचारणाऱ्या पुढच्या पिढीला उत्तर त्या वहीतच सापडेल.