‘प्रेरणा’ या शब्दाआड : इब्सेन, नोरा आणि लॉरा कीलर



हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाविषयी लिहिताना एक वाक्य हमखास लिहिले जाते : ‘लॉरा कीलर या स्त्रीच्या जीवनातून नाटककाराला नोराची प्रेरणा मिळाली.’ माहिती म्हणून हे वाक्य चुकीचे नाही. तरीही त्यातील ‘प्रेरणा’ या शब्दाला माझी हरकत आहे. हा शब्द देणारीचे नाव सांगतो. तिने नेमके काय दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र सांगत नाही. नाटककाराच्या आयुष्यातील स्त्रियांचा अभ्यास करायचा, तर या दोन प्रश्नांपासून सुरुवात केली पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे या लेखात मांडत आहे. ते तुम्ही तपासून पाहावे, पटले नाही तर खोडूनही काढावे.

ग्रिमस्टाद ते रोम

इब्सेनचा जन्म 1828 साली नॉर्वेत झाला. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळे कोवळ्या वयातच तो ग्रिमस्टाद या लहानशा गावी औषधांच्या दुकानात उमेदवारी करू लागला. त्याच घरी एल्से सोफी नावाची, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी मोलकरीण होती. 1846 मध्ये तिला इब्सेनपासून मुलगा झाला. इब्सेनने त्याच्या पोटगीचे पैसे अनेक वर्षे भरले. पण त्या मायलेकरांशी संबंध ठेवला नाही. पुढे ज्याच्या नाटकांतून गतकाळातील लपवलेली गोष्ट वर्तमानाच्या दारात येऊन उभी राहते, त्या लेखकाच्या चरित्रातले हे पहिले लपवलेले पान होय.

1858 मध्ये त्याने सुझाना तोरेसेनशी विवाह केला. सुझाना चोखंदळ वाचक आणि ठाम मतांची स्त्री होती. तिची सावत्र आई माग्दालेने तोरेसेन ही स्वतः लेखिका होती. नॉर्वेतील स्त्रीप्रश्नाची पहिली मोठी कादंबरी 1854-55 मध्ये लिहिणारी कामिला कोलेत ही या कुटुंबाच्या परिचयाची होती. इब्सेनच्या स्त्रीपात्रांविषयी ती त्याच्याशी स्पष्टपणे वाद घालत असे. आपल्या लेखनावर तिचा प्रभाव पडल्याचे इब्सेनने पुढे तिला पत्राने कळवले. म्हणजेच, स्त्रीच्या बाजूने विचार करण्याची दृष्टी इब्सेनला आकाशातून लाभलेली नव्हती. लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या स्त्रियांच्या सहवासात ती घडत गेली.

त्या दृष्टीचा प्रत्यय त्याच्या सार्वजनिक वागण्यातही येतो. 1879 च्या आरंभी रोममधील स्कँडिनेव्हियन मंडळात स्त्री-सभासदांना मताधिकार मिळावा, अशी सूचना त्याने मांडली. ती फेटाळली गेली तेव्हा तो संतापला. विवाहित स्त्रियांना मालमत्तेचा हक्क मिळावा, या 1884 च्या अर्जावर इतर लेखकांबरोबर त्याचीही सही आहे. ही बाजू लक्षात ठेवूनच पुढील घटनेकडे पाहावे लागते. ती एखाद्या स्त्रीद्वेष्ट्या माणसाची कथा असती, तर तिचा उलगडा फार सोपा झाला असता.

लॉराचे आयुष्य, नोराचे नाटक

लॉरा पीटरसन हिने 1869 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, इब्सेनच्या ‘ब्रांड’ या नाट्यकाव्याला उत्तर म्हणून ‘ब्रांडच्या मुली’ हे पुस्तक लिहिले. इब्सेनने तिला लिहीत राहण्याचा सल्ला दिला. 1871 मध्ये ती ड्रेस्डेनला त्याच्या घरी आली, तेव्हा तो तिला कौतुकाने ‘चंडोल’ म्हणत असे. पुढे तिने व्हिक्टर कीलर यांच्याशी विवाह केला. पतीला क्षयाने गाठले. दक्षिणेकडील उबदार हवेत नेल्यास तो वाचेल, असे कळल्यावर तिने त्याच्या नकळत कर्ज काढले आणि त्याला इटलीला नेले. पती बरा झाला. कर्ज मात्र फिटेना.

1878 मध्ये पैशाच्या निकडीत घाईने लिहिलेले एक हस्तलिखित तिने इब्सेनकडे पाठवले आणि प्रकाशकाकडे शिफारस करण्याची विनंती केली. लेखन कमी प्रतीचे आहे, असे सांगून त्याने शिफारस नाकारली. पत्रात काहीतरी दडवले आहे, हे मात्र त्याने ओळखले आणि जे असेल ते पतीला सांगून टाक, असा सल्ला दिला. लॉराने हस्तलिखित जाळले आणि कर्ज फेडण्यासाठी खोटा धनादेश तयार केला. तो उघडकीस आला. पतीने तिला मुले सांभाळण्यास अपात्र ठरवले; मुले तिच्यापासून दूर करण्यात आली आणि तिला सुमारे महिनाभर मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. पुढे ती त्याच घरी परतली.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात इब्सेनने रोममध्ये नव्या नाटकासाठी टिपणे काढली. पुरुषाचा न्याय आणि स्त्रीची सद्सद्विवेकबुद्धी वेगवेगळी असते, पण संसारात स्त्रीचा निवाडा पुरुषी कायद्यानेच होतो, असा त्या टिपणांचा आशय आहे. डिसेंबर 1879 मध्ये नाटक प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. पतीच्या प्रकृतीसाठी चोरून काढलेले कर्ज, इटलीचा प्रवास, खोटी सही, इतकेच काय, पतीने लाडाने उच्चारलेला ‘चंडोल’ हा शब्दही नाटकात आहे.

आता दोन शेवट शेजारी ठेवून पाहा. नोरा आपल्या इच्छेने घराबाहेर पडते आणि तिने ओढून घेतलेल्या दाराचा आवाज युरोपभर ऐकू जातो. लॉराला घराबाहेर काढले गेले आणि तिची मुले तिच्यापासून तोडली गेली. ती परत आली, तो आवाज कोणालाही ऐकू गेला नाही. इब्सेनने तिच्या पराभवातून एका काल्पनिक स्त्रीचा विजय घडवला. कलेच्या दृष्टीने हे रूपांतर असामान्य आहे. परंतु लोकांनी नोरात लॉराला ओळखले आणि जी गोष्ट घरापुरती राहिली असती, ती आयुष्यभर तिच्या नावाला चिकटली. आपण नोरा नव्हे, असे इब्सेनने जाहीर करावे, अशी तिची विनंती होती. तसे त्याने केले नाही. लॉरा लिहीत राहिली. 1890 मध्ये तिने स्वतःचे नाटकही प्रसिद्ध केले. तरीही वाङ्मयेतिहासात तिची ओळख ‘मूळची नोरा’ एवढीच उरली.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर तुम्ही म्हणाल : लेखक आयुष्यातूनच साहित्य उचलतो. इब्सेनने लॉराची गोष्ट घेतली नसती, तर जगातील असंख्य स्त्रियांना नोरा कशी मिळाली असती? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नाटक लिहिले जायला नको होते, असे मी म्हणत नाही. इब्सेनने 1898 मध्ये स्त्री-हक्क संघटनेच्या समारंभात सांगितले की, आपण चळवळीसाठी लिहिले नाही, आपला विषय माणूस हा होता. ही भूमिका मान्य केली, तरी प्रश्न उरतोच. विषय माणूस असेल, तर लॉरा हीदेखील माणूसच होती. तिने मागितलेले दोन शब्दांचे निवेदन दिल्याने नाटकाचा एकही संवाद उणा झाला नसता. कलाकृतीची थोरवी आणि व्यक्तीचे ऋण हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत. पहिल्यातील जमेने दुसऱ्यातील थकबाकी फिटत नाही, हे माझे म्हणणे आहे.

वारसा कोणी चालवला?

‘प्रेरणा’ हा शब्द आणखी एक गोष्ट झाकतो. नाटक छापून थांबत नाही. ते कोणीतरी उभे करावे लागते. कोपनहेगनमध्ये बेटी हेनिंग्स या अभिनेत्रीने पहिली नोरा उभी केली. एलिनॉर मार्क्स हिने इब्सेनसाठी नॉर्वेची भाषा शिकून त्याची नाटके इंग्रजीत आणली. 1886 मध्ये लंडनला तिच्या घरी झालेल्या ‘अ डॉल्स हाउस’च्या वाचनात नोराचे संवाद तिनेच वाचले. 1891 मध्ये एलिझाबेथ रॉबिन्स आणि मॅरियन ली या दोन अभिनेत्रींनी ‘हेडा गाब्लर’चा लंडनमधील प्रयोग स्वतःच्या हिमतीवर घडवून आणला. या वारशात विरोधाचाही वाटा आहे. जर्मन अभिनेत्री हेडविग नीमान-राबे हिने मुलांना सोडून जाणारी आई साकारण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणी शेवट बदलण्यापेक्षा आपणच बदलावा, म्हणून इब्सेनने नाइलाजाने नोराला घरातच थांबवणारा शेवट लिहून दिला. तो त्याला स्वतःलाच रानटीपणाचा वाटत होता.

मराठीतही ही वाट आली. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने या नाटकाचे रूपांतर केले. मो. ग. रांगणेकरांच्या 1942 मधील ‘कुलवधू’त ज्योत्स्ना भोळे यांनी साकारलेल्या भानुमतीची चर्चा करताना नोराची आठवण अनेकांना होते. अशा नाटकांचा अभ्यास करताना आपण रूपांतरकाराचे कौशल्य तपासतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर भूमिका करणाऱ्या स्त्रीने पात्रात काय मिळवले, हेही विचारले पाहिजे.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा घरकाम उरकून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. आपल्या श्रमावर दुसऱ्याचे नाव लागणे म्हणजे काय, किंवा घरासाठी केलेल्या धाडसाचा घरातच गुन्हा ठरणे म्हणजे काय, हे तुम्हांला पुस्तकाबाहेरही ठाऊक असेल. तो अनुभव अभ्यासाच्या आड येत नाही. तो अभ्यासाचे साधन आहे. म्हणून पुढच्या वेळी ‘प्रेरणा मिळाली’ असे लिहून पुढे जाण्याआधी क्षणभर थांबा. त्याऐवजी लिहा : लॉरा कीलर ही लेखिका होती, तिने पतीचा जीव वाचवण्यासाठी कर्ज काढले, तिने मदत मागितली, ती मिळाली नाही, तिच्या दुःखातून एक थोर नाटक झाले आणि ते ऋण फेडायचे राहिले. उत्तर चार ओळींनी वाढेल, पण ते अधिक खरे होईल.

विचार करा : तुम्ही अभ्यासलेल्या एखाद्या मराठी नाटककाराच्या चरित्रातील एक स्त्री निवडा. ‘प्रेरणा’, ‘साथ’ आणि ‘त्याग’ हे तीन शब्द न वापरता, तिने त्या नाटककाराच्या कार्यात नेमके काय केले, ते दहा ओळींत लिहा.