'कडू' म्हणजे नेमके काय?

कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. परंतु मराठीतील 'कडू' हा शब्द 'कटू'वरूनच आलेला असल्याने चिकित्सालयाबाहेर या दोन रसांची अदलाबदल होते. एका वैद्यमित्रांनी अम्लपित्ताच्या रुग्णास पथ्यपत्रावर 'कटुरस वर्ज्य' असे लिहून दिले. गृहस्थ बागलाणातले. त्यांनी महिनाभर कारले व मेथी निष्ठेने सोडली आणि भाकरीबरोबरचा मिरचीचा ठेचा तितक्याच निष्ठेने चालू ठेवला! हसू येते खरे. पण त्यांचे मराठी चुकलेले नव्हते. खुद्द शास्त्राने कुटकीस 'कटुका' म्हटले, आणि तिचा रस मात्र तिक्त.

'पित्त' या शब्दाची अवस्था याहून बिकट आहे. सटाण्याच्या बाजारात औषधालयाच्या गल्ल्यावर "पित्तावर काहीतरी द्या" असे म्हणणाऱ्याच्या छातीत जळजळ असेल, अर्धे डोके दुखत असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील. पहिल्यास अविपत्तिकर चूर्ण योग्य ठरेल, तिसऱ्याचे शीतपित्त हरिद्राखंड मागते. 'वात' म्हणजे कोणास गुडघेदुखी, कोणास पोटातील वायू, कोणास पोटरीत आलेला गोळा. रुग्ण आपल्याच शास्त्राचे शब्द वापरतो, म्हणून आपण गाफील राहतो, असे माझे मत आहे. दोषाचे नाव ऐकून मान डोलावण्याऐवजी अहिराणीत "काय व्हस?" एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते.

मात्रेच्या बाबतीत हा विनोद संपतो. 'एक चमचा' म्हणजे चहाचा, की पोहे खाण्याचा? त्रिफळाचूर्णाचा आणि लवणभास्कराचा सपाट चमचाही वजनाने सारखा भरत नाही. चूर्णात एक वेळ हे खपून जाईल. भस्मे व रसकल्पांत गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, तेथे 'चिमूटभर' हे माप अक्षम्य आहे. अशा औषधांच्या पुड्या औषधालयानेच तोलून बांधाव्यात. द्रवौषधांसोबत मापाचे टोपण द्यावे. पथ्यपत्रके पुन्हा छापताना 'कटू'च्या जागी सरळ 'तिखट' घालावे. त्याने शास्त्राचा मान कमी होत नाही.

आणि केसपेपरवर 'परवापासून गोळी बंद' असे कधीही लिहू नये. गोळी बंद झाली आहे की व्हायची आहे, हे दुसऱ्या वैद्यास त्यावरून कळत नाही. तारीख घालावी.