आठ मार्चला ती फडात असते

दरवर्षी ८ मार्चला आपल्याकडं काय होतं हे नांदेडकर-लातूरकरांना सांगायची गरज नाही. सभागृहात फेटे, संगीत खुर्ची, पैठणीचा खेळ, आणि शेवटी महिला सक्षमीकरणावर अध्यक्षीय भाषण. यंदा अशाच एका कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो होतो. भाषणात 'आमच्या ऊसतोड भगिनी' तीनदा आल्या, टाळ्याही पडल्या. पण सभागृहात ऊस तोडणारी बाई एक पण नव्हती. असणार कुठून? मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूरच्या तांड्या-वस्त्यांवरच्या या बाया त्या दिवशी कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर पार बेळगाव-बागलकोटच्या फडात मोळ्या बांधायलेल्या असतात. दसरा-दिवाळीला गेलेली टोळी कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाही.

बरं, हे एकट्या ८ मार्चचं नाही. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती हंगामात. २६ जानेवारीची ग्रामसभा आणि तिच्या आधीची महिला ग्रामसभा, दोन्ही हंगामात. म्हणजे बायकांसाठी जे काही गावात ठरतं ते ठरताना स्थलांतर करणारी बाई गावात नसतेच. तिच्या नावानं ठराव होतो, फोटो निघतो, आणि अहवालात लिहितात, 'लाभार्थींचा प्रतिसाद अल्प'.

बचत गटाचंच घ्या. उमेदची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. सूत्र चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण जी बाई सहा महिने गावात नाही ती दर आठवड्याला बैठकीला बसणार कशी? मग तिचं नाव मागं पडतं, ती 'अनियमित' ठरते, आणि कर्जाची वेळ आली की गटाच्या अध्यक्षबाई म्हणतात, तुझा काय भरवसा. बँकेच्या दारातून परत आलेली बाई मुकादमाच्या दारात जाते. तिथं उचल लगेच मिळते. आणि उचल मिळाली की पुढचा हंगाम बांधला गेला.

आता गंमत बघा. टोळी म्हणजे काय असते? दहा-पंधरा कोयते, बहुतेक एकाच तांड्याचे, एकाच भावकीचे. त्यातल्या बाया पहाटे चारला सोबत उठतात, एकमेकींची पोरं सांभाळतात, कुणाला ताप आला तर तिच्या वाटच्या मोळ्या दुसरी उचलते. गट तर तयारच आहे! फक्त तो गावात नाही, फडावर आहे. टोळीचाच गट धरा, हंगामातली बैठक कारखान्याचा बंद असेल त्या दिवशी कोपीपुढं घ्या, लेखे मोबाइलवर ठेवा. यात अवघड काय आहे? अवघड एवढंच की नियम लिहिणाऱ्याला गाव सोडून बाहेर बघावं लागेल.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब टनावर होतो, आणि करारावर, हिशोबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. ती ऊस सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, वर स्वयंपाक, पाणी, पोरं. तरी कागदावर ती नसतेच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, ३४ टक्के वाढ. चांगलं झालं, त्यासाठी संघटनांनी संप केला होता. पण ती वाढ गेली कुणाच्या हातात? अर्धी मजुरी तिची आहे असं कुठल्या करारात लिहिलंय ते कुणीतरी मला दाखवा. अन् कोयता जोडीनंच मोजायचा म्हटल्यावर पंधरा-सोळाच्या पोरीचं लग्न उरकायची घाई का होते, हे बालविवाहाची पोस्टर छापून कळणार नाही.

आता पिशवीचा विषय. २०१९ मध्ये बीडच्या बातम्या देशभर गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. पुढं तिथं अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. आणि आपण? बीडचं नाव झालं म्हणून नांदेड-लातूर सुटलं असं समजून बसलो. बालाघाटाच्या डोंगराला जिल्ह्याची हद्द कळते का? कोयता तोच, उचल तीच, खाडा पडला की दंड तोच. पाळीत पोट दुखतंय म्हणून एक दिवस बसलं तर पैसे कापतात. न्हायला आडोसा नाही, कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून जायला लागलं की सहा महिने दुखणं काढायचं आणि उन्हाळ्यात दवाखाना गाठायचा. तिथं कुणीतरी म्हणतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, कॅन्सरची भीती नको. ती 'हो' म्हणते. हा तिचा निर्णय आहे असं म्हणणाऱ्यांनी तिच्यापुढं दुसरा कुठला रस्ता ठेवला होता तेही सांगावं.

शिबिरं होतात, नाही असं नाही. सकाळी अकराला, रस्त्यालगत, मंडप टाकून, समोर पुरुष डॉक्टर आणि शेजारी खुर्चीत मुकादम. अकराला ती फडात असते. आलीच तर सासऱ्यापुढं, मुकादमापुढं पाळीचं बोलेल का? तांड्यावरची म्हातारी गोरमाटीत जेवढं सांगते तेवढं ती मराठीत सांगत नाही, आणि बागलकोटच्या सरकारी दवाखान्यात तर कानडी. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' हा शब्द हल्ली प्रत्येक प्रकल्पात असतो. त्याचा अर्थ स्टेजवर लेंगी नाचवणं असा लावलाय लोकांनी. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच: विचारणारी बाई असावी, तिच्या बोलीत विचारावं, रात्री भाकरी झाल्यावर विचारावं, आणि ऐकायला मुकादम नसावा. तांड्यावरचीच चार बुकं शिकलेली सून हे काम करील. हंगामात तिला टोळीसोबत आरोग्य मदतनीस म्हणून पगार द्या. अन् टोळीत फक्त बंजारा नसतात हेही ध्यानात ठेवा. वंजारी, धनगर, मातंग, बौद्ध, मराठाही असतात. प्रत्येकीची लाज वेगळ्या जागी असते.

पैसा नाही म्हणू नका. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागं १० रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलेलं आहे. त्यातले किती रुपये बाईपर्यंत पोचले, हा प्रश्न आपल्या आमदारांना या पोस्टखाली विचारायला हरकत नाही.

कमेंटमध्ये काय येणार तेही माहीत आहे. 'उचल घेऊन पळून जातात, मुकादम बुडतो.' हो, बुडतात मुकादम, त्यांनीही जमिनी विकल्यात, मी बघितलंय. कारखाना वरून हात झटकतो आणि खाली मुकादम आणि टोळी एकमेकांचा गळा धरतात. पण त्याचा दंड बाईच्या पाळीच्या दिवसातून वसूल होऊ नये. दुसरं येईल, 'आता हार्वेस्टर आलं, विषय संपला.' विषय संपत नाही भाऊ. मशीन आलं तर आधी तिचंच काम जाईल, आणि करारावर नावच नसल्यामुळं तिचं काम गेलं हे कुठंही लागणार नाही.

एप्रिल २०१६ आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर केवढी गर्दी होती! त्याच मिरजेकडच्या उसाच्या फडात आपल्या बाया दरवर्षी जातात. त्या परत येतात तेव्हा स्टँडवर कुणी नसतं.

आता ग्रामसेवकाकडं जा. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं काम त्यांच्याकडं दिलेलं आहे. यादी मागा. त्यात नवऱ्याच्या नावाखाली 'पत्नीसह' लिहिलंय की बाईचं स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र ओळखपत्र आहे, एवढंच बघा. गावाचं नाव, एकूण किती आणि त्यात बाया किती, खाली टाका. दसऱ्याच्या आत सगळं एकत्र करून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडं जाऊ.