उंबरठा की भिंत?

मतांच्या प्रमाणात जागा, हे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व उदात्त खरे; पण त्याचा घात एखादे लहानसे कलमही करू शकते. तुर्कस्तानच्या लष्करी राजवटीने १९८३ साली संसदप्रवेशासाठी देशभरातील १० टक्के मतांची अट घातली. २००२ साली तिचे फळ दिसले. सुमारे ३४ टक्के मते मिळविणाऱ्या पक्षास ५५० पैकी ३६३ जागा लाभल्या आणि सुमारे ४५ टक्के मते वाया गेली! अट ७ टक्क्यांवर यावयास २०२२ साल उजाडावे लागले. क्षुद्र गटांच्या बजबजपुरीने सरकारे डळमळतात, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु जर्मनी त्यासाठी ५ टक्क्यांची अट पुरेशी मानते. उंबरठा अवश्य असावा. त्याची उंची मात्र आत बसलेल्यांनीच ठरवू नये.