कशावरून?

आमच्या घरात हल्ली काही विधान करण्याची सोय उरलेली नाही. 'आज पाऊस येणार' म्हणा, 'डाळ महागली' म्हणा, आमच्या अकरा वर्षांच्या कन्येचा प्रश्न तयारच असतो, "कशावरून?"

हे सुरू झाले ते 'कॉसमॉस'पासून. १९८० साली अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविलेली ही तेरा भागांची मालिका यंदाच्या पावसाळ्यात आम्ही घरच्या पडद्यावर, जेवणे आटोपली की रोज एक भाग, अशी सहकुटुंब पाहिली. सूत्रधार कार्ल सेगन हे स्वतः खगोलशास्त्रज्ञ. १९९६ साली ते निवर्तले. मालिकेतली चित्रे आता जुनी वाटतात, आणि विश्वाचे वय ते १५०० कोटी वर्षे धरतात; आजचा हिशेब १३८० कोटींचा आहे. पण गृहस्थ बोलतात असे, की शेजारी बसून सुपारी कातरीत गप्पा मारताहेत असे वाटावे!

वाती वळीत बसलेल्या आमच्या मातोश्रींनी मान वर केली ती दहाव्या भागात. तिथे सेगन तामिळनाडूत येतात, पोंगल पाहतात, नटराजाची मूर्ती दाखवितात आणि ब्रह्मदेवाची एक दिवस-रात्र ८६४ कोटी वर्षांची, हे मोठ्या कौतुकाने सांगतात. आधुनिक गणिताशी हा मेळ योगायोगानेच बसला, असेही त्यांनी म्हटले आहे. मातोश्रींनी तेवढे सोयिस्करपणे ऐकले नाही.

"बघा, आपल्याकडे सगळे होतेच!"

"आजी, ८६४ कोटी कशावरून?"

"शास्त्रात आहे म्हणून."

"पण शास्त्रात कशावरून?"

मातोश्री वातींचे तबक उचलून देवघरात गेल्या. दोन दिवस नातीशी अबोला. मी कन्येला दटावले, तेव्हा तिने तोफ माझ्याकडे वळविली. "बाबा, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, हे तुम्ही सांगितलेत. कशावरून?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो, आणि देवघरातून खोकल्याचा आवाज आला.

उत्तर पहिल्याच भागात होते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने वाचले, की दक्षिणेकडच्या सायीनी गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी खांबांना सावलीच पडत नाही. अलेक्झांड्रियात तर पडत होती! जमीन सपाट असती तर दोन्हीकडे सारखेच झाले असते. सावलीवरून सुमारे सात अंशांचा फरक निघाला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांत अंतर सुमारे ८०० किलोमीटर. पन्नासाने गुणा की झाले! सेगन हे नकाशाच्या पुठ्ठ्यावर दोन छोटे खांब उभे करून, पुठ्ठा वाकवून दाखवितात. कुणाही पोराला करून बघावेसे वाटेल असे.

आम्ही राहतो अमरावतीला, थोरले बंधू बंगळुरास. नकाशात बंगळूर जवळजवळ नीट आमच्या दक्षिणेला येते. २३ सप्टेंबरला, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, दोन्ही गच्च्यांवर एकेक मीटरची काठी उभी राहिली. बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी सावली सर्वांत आखूड होते. तोवर ढग येऊ नयेत म्हणून मी मनातल्या मनात काय काय बोललो, ते कन्येला सांगण्याजोगे नाही.

"काठी तिरकी आहे ग," मागून आवाज आला. मातोश्री! कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दोऱ्याला बांधून ओळंब्यासारखा धरला आणि काठी सरळ करवून घेतली.

आमची सावली ३८ सेंटिमीटर. फोनवर बंधूंची २३. आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढून कोनमापक लावला: २१ अंश आणि १३ अंश. फरक आठ, म्हणजे वर्तुळाचा पंचेचाळिसावा भाग. नकाशावर पट्टी ठेवून अंतर ८८० किलोमीटर निघाले. गुणाकार ३९,६०० किलोमीटर!

कन्या गच्चीभर नाचली. मातोश्रींनी चष्मा सावरून कागद नीट वाचला.

"बंगळूर इथून ८८० किलोमीटर," त्या म्हणाल्या, "हे ग कशावरून?"