दाराशीं आलेलें आश्चर्य

विलक्षण छायाचित्र घ्यावयाचें म्हणजे दूरदेशीं जावें आणि भारी कॅमेरा बाळगावा, असा पुष्कळांचा समज असतो. आम्हांस तो मान्य नाहीं.

सन २०१६ मध्यें लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेंत श्री. नयन खानोलकर यांच्या एका चित्रास नागरी विभागाचें पारितोषिक मिळालें. त्या चित्रांत आहे तरी काय? मुंबईच्या आरे वसाहतींतील एक बोळ, आणि रात्रीं घरांलगत निघालेला बिबळ्या! खानोलकरांनीं तेथील वारली लोकांस विश्वासांत घेतलें, उपयुक्त माहिती त्यांजकडून मिळविली, बोळांतील नेहमीचाच उजेड भासावा असे दिवे लाविले, आणि मनाजोगें चित्र मिळण्यास चार महिने धीर धरला. वारल्यांनीं त्या जनावरास आपल्या जीवनांत स्थान दिलें आहे. तेंच सत्य चित्रांत उतरलें.

तेंच जंगल आपल्या मुलुंडच्या पश्चिमेस डोंगरावर पसरलें आहे. मात्र बिबळ्या वस्तींत शिरला कीं मोबाइल उंचावून त्याच्यामागें धांवणारी गर्दी आम्हीं कलेची म्हणत नाहीं. भेदरलेलें जनावर अंगावर येतें, आणि हातीं चांगलें चित्रही लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, रानांत जाण्याचें कारण नाहीं. जिना, खिडकी, अंगणांतील चिमणी, यांपैकीं एकच विषय महिनाभर न्याहाळा. आणि पालकांनीं महाग यंत्रापूर्वीं मुलांस थोडी सवड द्यावी. दृष्टि विकत मिळत नाहीं. ती धीरानें येते.