भिंतीवरची पदवी खाली काढा

लालबाग, परळ, दादर, गिरगावातल्या पदवीधरांनो, सोमवारी, ६ नोव्हेंबर २०२३ ला, मुंबई पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव घालायची मुदत संपते. आज ३० ऑक्टोबर. यंदाची कोजागिरी ग्रहणात गेली, पुढच्या आठवड्यात सगळे फराळाच्या गडबडीत असतील. म्हणून आत्ताच सांगतो.

‘माझं नाव आहे की यादीत!’ असं म्हणणाऱ्यांसाठी तर हे मुद्दाम. विधानसभा-लोकसभेच्या यादीतलं नाव इथं चालत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, आणि ती दर निवडणुकीला कोरी करून नव्यानं लिहितात. गेल्या खेपेला नोंदणी केलेल्यांनाही अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरावा लागतो.

मला हे कळलं २५ जून २०१८ ला, भर पावसात. छत्री मिटत, ओल्या चपला सांभाळत मी मतदान केंद्राच्या जिन्यावर उभा. टेबलावरच्या बाईंनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं. ‘काका, तुम्ही नोंदणीच केलेली नाही.’ मी निवडणूक ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट बघून परत दिलं. चूक कुणाचीच नव्हती, माझीच होती. सहा वर्षांचं मत त्या जिन्यावर गेलं.

आता मूळ मुद्दा. ही यादी आपोआप होत नाही. दर वेळी पक्षांचे कार्यकर्ते फॉर्मांचे गठ्ठे घेऊन चाळी-सोसायट्या पालथ्या घालतात आणि आपल्याला मत देईल असा पदवीधर हेरून त्याचा फॉर्म भरून घेतात. ते त्यांचं कामच आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण उरलेले आपण घरात बसलो, तर निम्मी निवडणूक या आठवड्यातच उरकते. पुढच्या वर्षी मतपत्रिका निघेल तेव्हा मतदार कोण, हे आधीच ठरलेलं असेल.

कुणी म्हणेल, त्या वरच्या सभागृहानं काय होतंय? रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. पुणे पदवीधरमधून ग. प्र. प्रधान निवडून गेले आणि विरोधी पक्षनेते झाले. आपल्या मुंबईतून गिरगावचे प्रमोद नवलकर गेले. ७८ जणांच्या या सभागृहात पदवीधरांचे फक्त सात, शिक्षकांचे सात. राज्यपालनियुक्त बारा जागा २०२० पासून रिकाम्या पडल्यात. आणि खाली पाहावं तर मार्च २०२२ पासून मुंबईत नगरसेवकच नाही, महापालिका प्रशासकाच्या हाती. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, ते आधी सांगा. मत द्यायची जागा मिळेल तिथं ती सोडू नये, एवढंच मला कळतं.

पदवी असेल त्यालाच मत, हे मला स्वतःला कधी पटलेलं नाही. माझ्या आईनं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. ८२ च्या संपात जेवणाऱ्यांची उधारी वहीत तशीच राहिली, आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी बी.कॉम.ची गणितं सोडवली. तिला या मतदारसंघात मत नव्हतं, मला आहे. माझी पदवी तिनंच फ्रेम करून भिंतीवर लावली.

ती फ्रेम आता खाली काढायची आहे. १ नोव्हेंबर २०२० च्या आधी पदवी मिळालेली हवी, आणि राहणं मुंबई शहर किंवा उपनगर जिल्ह्यात हवं. ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन परीक्षा दिलेल्या मुलांनी निकालाची तारीख नीट बघावी. चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून संक्रमण शिबिरात किंवा भाड्यानं राहत असाल, तर सध्या राहता तोच पत्ता लिहा. डोंबिवली-विरारला गेलेल्यांचं मत कोकण पदवीधरमध्ये, मुदत तीच. बायकांचं एक नेहमी अडतं: पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नावबदलाचा पुरावा जोडा. माध्यमिक शाळेत किंवा त्यापुढे शिकवणाऱ्यांनी, गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं नोकरी झाली असेल, तर शिक्षक मतदारसंघासाठी अर्ज क्रमांक १९ वेगळा भरावा.

गठ्ठ्यानं आणलेले अर्ज घेत नाहीत. घरातला एक जण घरच्यांचे देऊ शकतो, शेजाऱ्यांचे नाही. शहर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय फोर्टला, जुन्या जकात घरात आहे. कचेरीत जाताना मूळ पदवी जवळ ठेवा. २३ नोव्हेंबरला प्रारूप यादी लागेल. त्यात नाव नसलं तर ९ डिसेंबरपर्यंत दावा करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका.

मतदानाच्या दिवशी यंत्र नसतं. उमेदवारापुढे आकड्यात १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, तोही तिथंच दिलेल्या पेनानं. बरोबरची खूण केली की मत बाद. दर वेळी होतात, आणि सगळी पदवीधरांचीच.

रविवारपर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ आम्ही चार-पाच जण आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत बसतोय. कोरे फॉर्म आहेत, डिंक आहे, पेनं आहेत. भरायला मदत करू, पण नेऊन तुमचा तुम्हीच द्यायचा. येताना फोटो आणि पत्त्याचा पुरावा आणा, आणि झेरॉक्स खालच्या दुकानातून काढून आणा, ते साडेआठला बंद होतं.